एक टाइल कमी असलेली भिंत

घरी येणारा नवा पाहुणा हात धुवायला या पॅसेजमधून जातो आणि भिंतीपाशी हमखास थबकतो. सगळी भिंत पांढऱ्या चकचकीत टाइलने मढवलेली, आणि टोकाकडे, हाताच्या उंचीवर, एका टाइलएवढ्या जागेत विटा उघड्या. "टाइल कमी पडली वाटतं?" पाहुणा विचारतो. घरातले लोक "हो, तसंच काहीसं" म्हणून हसतात आणि पुढे चालू लागतात.

मित्रांनो, त्या चौकटीतली मधली वीट मी. माझ्या अंगावर बोटाचे टोक मावेल एवढा खड्डा आहे, त्यावरून ओळखा. मी जुनी आहे आणि दमले आहे. या भिंतीवर वरची खोली आहे, त्यावर गच्ची आणि गच्चीवर पाण्याची टाकी. तो भार खाली उतरत उतरत माझ्यापर्यंत येतो आणि माझ्याकडून खालच्या विटांकडे जातो. त्यात सुट्टीचा दिवस नसतो. त्यामुळे मला फार बोलायची हौस उरलेली नाही. पण टाइल कमी पडली नव्हती, एवढे तरी तुम्हाला सांगायला हवे.

मी आधी माती होते. चिकण, नदीकाठची. मला खणले, भिजवले, पायांनी तुडवले, साच्यात दाबले आणि उन्हात वाळत घातले. मग भट्टी. भट्टीबद्दल काही विटा फार बढाया मारतात. मी मारणार नाही. तिथे उष्ण होते आणि बराच काळ उष्ण होते, एवढेच मला आठवते. मातीत दोन प्रकारचे पाणी असते. एक ओलेपणाचे, ते उन्हानेही जाते. दुसरे मातीच्या कणांत बांधलेले असते, ते जायला भट्टीच लागते. ते एकदा गेले की माती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. ती वीट होते. तिच्या अंगात केसाहून बारीक लाखो वाटा रिकाम्या राहतात, आणि जिथे पाणी मिळेल तिथे ती ते ओढून घेते. थोडक्यात, वीट ही आयुष्यभर तहानलेली असते.

माझ्या मातीत चुनखडीचा एक खडा राहून गेला होता. साचा भरणारीच्या नजरेतून तो सुटला. भट्टीत त्याचा चुना झाला आणि तो माझ्या पोटात गप्प बसून राहिला.

हे घर बांधणाऱ्या गवंड्याने आम्हाला आधी हौदात बुडवले. आमच्यातून बुडबुडे येत राहिले आणि तो ते थांबायची वाट बघत विडी ओढत बसला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. कोरडी वीट लावली तर ती सिमेंटमधले पाणी पिऊन टाकते, आणि पाण्याशिवाय सिमेंट घट्ट होत नाही. पोटभर प्यायलेली वीट सिमेंटला त्रास देत नाही.

पॅसेजच्या डाव्या हाताला आमची भिंत उभी राहिली. सलग, मध्ये ना दार ना खिडकी. उजवीकडे कपाट, चपलांचा रॅक आणि टोकाला बाथरूमचे दार. आणि समोर, दारापासून जेमतेम पावलाभर पुढे, मागच्या अंगणात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या.

घराच्या मालकाला, म्हणजे दादांना, आमच्या भिंतीवर गिलावा नको होता. "वीट दिसू दे की. एवढी सुरेख लावलीय," ते म्हणाले. त्यांची बहीण शेजारी उभी होती. ती म्हणाली, "दिसू दे. पण जळमटं तू काढायचीस." दादांनी ती शेवटपर्यंत काढली.

मग एका दमट दिवशी माझ्या पोटातल्या चुन्याला ओलावा पोचला. चुना पाणी प्यायला की फुगतो. तो फुगला आणि माझ्या अंगाचा टवका टप्पकन खाली पडला. तेव्हापासून हा खड्डा. दादांनी तो भरून घ्यायचा विषय काढला होता, आणि मग सगळेच विसरले. मला त्याची लाज वाटे. एवढ्या सरळ, तासलेल्या विटांमध्ये मी एकटीच खोट असलेली.

आता आत्यांबद्दल. दादांची बहीण ती या घराची आत्या. दादांचा मुलगा तिचा भाचा. लहानपणी तो इतका गुबगुबीत होता, की आत्यांनी त्याचे नाव ढब्बू ठेवले. पुढे तो काडीसारखा झाला, बोटे तेवढी जाड राहिली, आणि नावही राहिले. दादा गेले, ढब्बूचे लग्न झाले, सूनबाई घरात आली. आत्यांनी लग्न केले नव्हते. रक्त-शौच तपासायच्या प्रयोगशाळेत त्या आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. काचेवरच्या थेंबात काय आहे आणि काय नाही, हे त्या सांगत आणि डॉक्टर त्यावर औषध लिहीत. "मी बघते, डॉक्टर लिहितात आणि तिसऱ्याच माणसाचं पोट साफ होतं," असे त्या गंभीर चेहऱ्याने सांगत आणि जेवणाऱ्यांना ठसका लागे.

निवृत्तीनंतर एका दुपारी घरात कुणी नसताना आत्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एक डोळा हाताने झाकला आणि त्या दुसऱ्याने भिंतीकडे बघत राहिल्या. मग डोळे बदलले. विटांच्या मधल्या सिमेंटच्या रेघा कशा असतात? आडव्या, उभ्या, आखल्यासारख्या. आत्या त्या रेघा तपासत होत्या. बऱ्याच वेळाने त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "रेघा सरळच आहेत. वाकड्या मला दिसतायत. आणि मधे डाग."

त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दिसण्यातला मधला भाग चालला होता, कडा शिल्लक होत्या. त्यांनी ते कुणालाही सांगितले नाही. त्यामागचे कारण मला माहीत आहे, ते याच पॅसेजमध्ये घडले होते. आत्यांच्या आईला शेवटची काही वर्षे दिसत नव्हते. आत्या आणि दादा तिला हाताला धरून बाथरूमला नेत. कुणी प्रेमात कमी पडले नाही. पण कुणी कामात असले की ती हाक मारत नसे, बसून राही. पुढे पुढे तिने पाणी पिणेच कमी केले, म्हणजे कुणाला उठवायला नको. आत्यांना ते उशिरा कळले. ते त्यांच्या मनातून कधी गेले नाही.

म्हणून आत्यांना एकच गोष्ट हवी होती. बाथरूमला आपले आपण जायचे.

आणि ते मला जमवता आले, मित्रांनो. मी आयुष्यात केलेले एकमेव वेगळे काम तेवढेच. आत्या खोलीतून निघत, डावा हात भिंतीवर ठेवत, बोटे विटांवरून खरखरत पुढे येत. मधल्या बोटाला माझा खड्डा लागला की त्या थांबत. "आलीस का गं?" असे म्हणत, जशी मीच चालत आले आहे. मग उजवीकडे वळले की दार. खड्डा चुकला तर पुढे पायऱ्या. पण तो कधी चुकला नाही. जी खोट मी लपवू पाहत होते, तिच्यात रोज एक बोट येऊन टेकत होते. वरचा भार तेवढाच होता, पण त्या दिवसांत तो मला थोडा हलका वाटे.

घरातल्यांना दिसत होते, की आत्या भिंतीला धरून चालतात. त्यांनी त्याचा अर्थ लावला, की गुडघे दुखतात.

"आत्यांची बोटं बघितलीस का?" सूनबाई एकदा ढब्बूला म्हणाली. "पार खरवडून निघालीयत. ती भिंत म्हणजे किसणी आहे नुसती. शिवाय खालून लोणा फुटलाय, झाडू मारला की लाल पूड. टाइल लावून टाकू या. गुळगुळीत होईल, पुसायला सोपी."

"आत्याला विचारू का?"

"विचारलंस तर त्या 'कशाला खर्च' म्हणणार. गुपचूप करू. त्यांना बरं वाटेल."

लोणा फुटला होता हे खरे. बाथरूमकडचा ओलावा आम्ही ओढून घेतो, तो हवेत उडून जातो आणि त्यातले क्षार पांढऱ्या बुरशीसारखे अंगावर राहतात. त्या मुलीचे काही चुकले नव्हते. पॅसेजमध्ये ही बोलणी चालली होती आणि मला फक्त ऐकता येत होते. भिंतीला कान असतात असे तुम्ही म्हणता, पण तोंड नसते.

आत्यांना त्यांच्या मैत्रिणीकडे चार दिवस राहायला पाठवले आणि मिस्त्री आला. हा टाइल बसवणारा. गडी हौशी, कामात गाणे, मोबाइलवर दुसरे गाणे. त्याने आमच्या अंगावर छिन्नीने टोचे मारले, पाणी मारले आणि टाइल चढवत निघाला. शेवटच्या टप्प्यावर आला तेव्हा बादली रिकामी झाली होती आणि नळाचे पाणी गेले होते. "एवढ्याशाने काय होतंय," तो म्हणाला आणि माझ्या अंगावर तसेच सिमेंट थापले. मी कोरडी होते, उन्हाळ्याने तापलेली होते. मी त्यातले पाणी पिऊन टाकले. मला पर्याय नव्हता, वीट दुसरे काही करूच शकत नाही. ते सिमेंट घट्ट झालेच नाही. टाइल तिच्या शेजारणींच्या आधाराने उभी राहिली, माझ्याशी मात्र तिची गाठ पडली नाही. आमच्यामध्ये एक पोकळी राहिली.

टाइलबद्दल मला वाईट बोलायचे नाही. तीही मातीच, माझी चुलत बहीणच म्हणा ना. फक्त तिला यंत्राने दाबलेले, तोंडावर काचेचा लेप दिलेला, त्यामुळे तिच्या तोंडातून पाण्याचा थेंबही आत जात नाही. ती माझ्याशी कधी बोलली नाही. बोलणार कशी, तिचे तोंड पलीकडे आणि पाठ माझ्याकडे.

मला अंधार झाला. आणि मग आत्या परत आल्या.

"काय, कशी वाटली?" ढब्बूने विचारले. त्याच्या आवाजात लहान मुलासारखा आनंद होता.

आत्यांचा हात टाइलवर आला. तळवा, मग बोटे. टाइलच्या मधले सांधे पांढऱ्या पुडीने भरून मिस्त्रीने सपाट करून टाकले होते. हात इकडून तिकडे सरकला, कुठेही काही लागले नाही.

"छान," आत्या म्हणाल्या. "गार आहे."

"बोटं खरवडायची नाहीत आता!" सूनबाई म्हणाली.

"नाही ना," आत्या म्हणाल्या.

पुढचे दिवस मी नुसते ऐकून काढले. आत्यांनी पावले मोजून पाहिली. पण माणसाचे पाऊल रोज सारखे पडत नाही. एका सकाळी माझ्यासमोरून त्यांची चाहूल पुढे गेली, थांबली नाही, आणि मग चप्पल पायरीच्या कडेवर घासल्याचा आवाज आला. एक पाय हवेत गेला असणार. त्या कशालातरी धरून मागे आल्या आणि टाइलला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांचे हृदय टाइलमधून, पोकळीतून, माझ्यापर्यंत वाजत होते.

त्यानंतर सूनबाईचा आवाज वारंवार येऊ लागला. "आत्या, पाण्याचा जग तसाच भरलेला आहे. पाणी का पीत नाही तुम्ही?"

"तहान नाही गं."

मी तहान ओळखते, मित्रांनो. मला दुसरे काही येत नाही, पण तहान ओळखता येते. आत्या त्यांच्या आईच्या वाटेने निघाल्या होत्या आणि घरात एका विटेशिवाय कुणाला ते ठाऊक नव्हते. आणि त्या विटेवर टाइल होती.

मग एक दिवस आत्यांनी भिंतीवर बोटाचे पेर वाजवले. चिडून वाजवले असेल किंवा बुद्धीने, प्रयोगशाळेत वाढलेल्या बाईचे सांगता येत नाही. टण. पुढची टाइल. टण. पुढची. टण. मग माझ्यावरची: भद्द.

हात थांबला. पुन्हा वाजवले. भद्द. शेजारची टण, ही भद्द.

"आलीस का गं?" आत्या म्हणाल्या.

त्या दुपारी आत्या दोन पेले पाणी प्यायल्या. सूनबाईने ते ढब्बूला कौतुकाने सांगितले म्हणून मला कळले.

तर असे सुरू झाले. टण, टण, भद्द, आणि उजवीकडे. हे फार दिवस चालले असते. पण सूनबाई हुशार होती आणि तिला ऐकू चांगले येत होते.

"अरे, ऐकलंस का! आत्या रोज भिंत ठोकून बघतायत, आणि त्या टोकाच्या टाइलपाशी थांबतात. मी वाजवून बघितली. पोकळ आहे! बोलत नाहीत बिचाऱ्या, पण चूक बरोबर पकडलीय त्यांनी."

ढब्बूने मिस्त्रीला फोन केला. मिस्त्री आला, हातोडीच्या लाकडी दांड्याने वाजवले आणि कपाळावर हात मारून घेतला. "आजी, तुमचा कान आहे का काय! ही सुटलेली आहे. आज ना उद्या कुणाच्या पायावर पडेल."

"राहू दे हो," आत्या म्हणाल्या. "एवढी काय पडतेय. एका टाइलसाठी कशाला तुमचा खाडा."

"खाडा कसला? माझं काम आहे. उद्या दुसरीकडे म्हणतील, याच्या टाइल पोकळ. सकाळी येतो, फुकट करून देतो."

"मी नको म्हणतेय ना!"

"आत्या," ढब्बू समजुतीने म्हणाला, "भिडेखातर बोलू नकोस. तूच तर शोधून काढलीस."

 खरे कारण सांगितल्याशिवाय आत्यांना नाही म्हणता येत नव्हते. आणि खरे कारण सांगितले, की आईचा हात जसा धरला होता, तसा आता त्यांचा धरला जाणार होता.

सकाळी मिस्त्री आला. या वेळी दोन बादल्या भरून आणल्या होत्या. त्याने टाइलच्या सांध्यात पातळ छिन्नी घातली. सांधा कुरकुरला. मला वाटले, आता मला पोटभर पाणी पाजतील, दुसरे सिमेंट थापतील, ते घट्ट बसेल, आणि मग ही भिंत इकडून तिकडे सारखीच वाजेल. मी थकून गेले होते. वीट जेवढी हताश होऊ शकते तेवढी मी झाले होते.

"थांबा."

आत्या खोलीच्या दारात होत्या. त्या भिंतीवर बोट वाजवत आल्या, सगळ्यांच्या देखत. टण. टण. टण. भद्द. थांबल्या, उजवीकडे वळल्या आणि बाथरूमच्या दाराच्या कडीवर नेमका हात ठेवला.

"मला अशी वाट कळते," त्या म्हणाल्या. "समोरचं दिसत नाही मला. तुझा चेहरा मी गेल्या वर्षापासून पाहिलेला नाही, ढब्बू. कान दिसतात तुझे, मधे डाग. आधी इथे विटेला खड्डा होता, तो बोटाला लागायचा. तुम्ही तो झाकलात. मग ही पोकळ निघाली. आता तीही भरताय. म्हणजे मी पायऱ्यांवरून खाली जायचं."

मिस्त्रीची गाणी केव्हाच बंद झाली होती. सूनबाईने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे गुडघे नाही?"

"गुडघे चांगले आहेत माझे. तुझ्यापेक्षा."

"आणि पाणी… तुम्ही म्हणून पाणी…" सूनबाई म्हणाली.

ढब्बू पुढे झाला आणि त्याने आत्यांचा हात धरला. आत्यांनी तो सोडवून घेतला. "हेच. हेच नको होतं म्हणून बोलले नाही."

"मग दांडा बसवू भिंतीला? पार टोकापर्यंत?"

"दांडा धरायला होईल. मी कुठवर आलेय ते दांडा सांगणार आहे का?"

 मिस्त्री खाकरला. "ती टाइल अर्धी सुटलीच आहे, आजी. ठेवली तर पडणार, हे मात्र खरं. काढतो. पण पुन्हा लावत नाही. चालेल?"

टाइल अखंड निघाली, कारण ती मला कधी चिकटलीच नव्हती. माझ्यावर उजेड पडला. मिस्त्रीने सुटे सिमेंट खरवडले, कडा घासून बोथट केल्या. त्याने नखाने माझ्या खड्ड्यातला शेवटचा कण उकरून काढला. मग आत्यांचे बोट आले.

ते खड्ड्यात टेकले. बराच वेळ तिथेच होते.

पुढचे सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. ढब्बूने आत्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपता येईल, असे ते म्हणाले. आणि हेही म्हणाले, की जरा आधी आल्या असत्या तर बरेच वाचले असते. त्या दिवशी घरात कुणी फारसे जेवले नाही. रेघा वाकड्या दिसल्या ते मी पाहिले होते. मला बोलता आले असते तर मी त्याच दुपारी सांगितले असते. आत्यांना बोलता येत होते.

काही दिवसांनी, दुपारच्या वेळी, ढब्बू एकटाच पॅसेजमध्ये आला. त्याने डोळे मिटले आणि डावा हात भिंतीवर ठेवून निघाला. सरळ चालणे त्याला जमेना. उजवीकडे कलंडत तो चपलांच्या रॅकवर आदळला, सगळ्या चपला खाली आल्या, त्याच्या तोंडून एक शिवी गेली.

"रॅक तिथेच आहे रे, बरीच वर्षं झाली," खोलीतून आत्यांचा आवाज आला.

त्याने डोळे उघडले नाहीत. पुन्हा भिंत धरली. गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत, मग टाइलची कड, मग मी. त्याचे बोट खड्ड्यापाशी आले आणि आत जाईना, जाड होते. तो तिथे तसाच उभा राहिला. रॅक मात्र संध्याकाळी हलवला गेला.

मित्रांनो, कुठल्याही भिंतीला गुळगुळीत करण्याआधी तिच्यावरून कुणाचा हात जातो ते बघा, आणि तो हात कुणाचा आहे त्या माणसाला विचारा. लपवून केलेले कौतुक नको, समोर बसून विचारा. आणि तुम्हाला स्वतःला रेघा वाकड्या दिसू लागल्या, तर भिंतीला सांगून थांबू नका. भिंती ऐकतात, पण त्यांचा पुढे काही उपयोग होत नाही. घरातल्या माणसाला सांगा.

माझ्या अंगावर पुन्हा धूळ बसते, दमट दिवसांत लोणा फुटतो आणि सूनबाई कोरड्या ब्रशने तो झाडते. खड्ड्यातली धूळ ती करंगळीने काढते. वरची टाकी भरते तेव्हा भार वाढतो, रिकामी होते तेव्हा थोडा कमी होतो. हल्ली ती लवकर रिकामी होते. आत्या पाणी पितात.

आताही खोलीचे दार वाजले. हात टाइलवरून सरकत येतो आहे, सावकाश, पूर्वीपेक्षा सावकाश. मी आहे इथेच.